डॉक्टरसाहेब पडले

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी माळ्यावरून दोन गोष्टी हटकून खाली येतात. एक चकलीचा सोऱ्या, आणि दुसरी माझ्या रद्दीविषयी सौ.ची वार्षिक तक्रार. या वयात शिडीवर चढू नका म्हणून चिरंजीव फोनवरून बजावतात. पण सोऱ्या काही फोनवरून खाली येत नाही. तेव्हा यंदाही मी नाकाला पंचा बांधून माळ्यावर चाचपडत होतो. इतक्यात जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यातून एक जाडजूड पुस्तक निसटले आणि थेट सौ.च्या पायाशी जाऊन पडले. आता ते रद्दीत जाणार अशी माझी खात्री झाली. पण तिने ते उचलले, पदराने पुसले आणि उभ्याउभ्याच चाळायला सुरुवात केली.

"अहो, हे मास्तरांचे पुस्तक!" ती म्हणाली.

मी शिडीवरच थांबलो.

पुस्तकाला कव्हर म्हणून काही उरलेले नाही. पाठीला कागदाची पट्टी खळीने डकवलेली आहे. पहिल्या पानावर निळ्या शाईत मास्तरांची वळणदार इंग्रजी सही आहे. तापाच्या प्रकरणावर एरंडेलाचा डाग आहे, तो मात्र आमचा. १९७६ साली चिरंजीवांचा जन्म झाला तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. शेजारच्या बिऱ्हाडातले मास्तर शाळेत इंग्रजी शिकवीत. स्वतःच्या मुलीच्या वेळी त्यांनी हे पुस्तक फोर्टातल्या फुटपाथवर घेतले होते. बारशाच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आणून देत म्हणाले, "डॉक्टर स्पॉकचे आहे. रात्री-अपरात्री पोर रडू लागले तर उघडून पाहा. इलाज सापडो न सापडो, तुमचा जीव थाऱ्यावर येईल."

डॉक्टर बेंजामिन स्पॉक हे नाव आजच्या तरुण आईबापांना ठाऊक नसेल. पण एके काळी अमेरिकेत पाळणा आणि हे पुस्तक ही दोन्ही एकदमच खरेदी होत. १९४६ साली ते निघाले तेव्हा त्याच्या स्वस्त आवृत्तीची किंमत होती पंचवीस सेंट. डॉक्टर १९९८ साली वारले, तोवर जगभर त्याच्या सुमारे ५ कोटी प्रती खपल्या होत्या. त्याआधीचे तिकडचे शास्त्र मोठे कडक होते. घड्याळ लावून चार-चार तासांनी दूध पाजावे, मध्ये रडले तर रडू द्यावे, लाड करू नयेत. जॉन वॉटसन नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने तर मुलांचे पापे घेऊ नयेत, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असे १९२८ साली लिहून ठेवले होते! स्पॉकांनी हे सगळे मोडीत काढले. पोर भुकेने रडते आहे ना, मग पाजा. घ्यावेसे वाटते ना, मग घ्या. आईला आपल्या पोराचे पुष्कळ कळत असते, तिने उगाच भिऊ नये, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता.

मी हा मजकूर मराठी करून मातोश्रींना वाचून दाखवीत असे. त्या सहाणेवर गुटी उगाळीत ऐकत. एकदा हात न थांबवता म्हणाल्या, "भूक लागली की पाजावे आणि रडले की घ्यावे, हे सांगायला एवढा शिकलेला डॉक्टर लागला होय रे?"

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या पुस्तकात एक घोर चूक होती. तान्ह्या मुलांना पालथे निजवावे, असा सल्ला त्याच्या आवृत्त्यांतून कित्येक वर्षे छापला जात होता. पालथे निजवल्याने झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो हे पुढे सिद्ध झाले आणि तो सल्ला उलटा फिरवावा लागला. आमच्या मातोश्रींनी चिरंजीवांना दुपट्यात गुंडाळून उताणेच निजवले. त्या बाबतीत पुस्तकाचे काही एक चालले नाही.

पण वाचकहो, मला आज बाळाविषयी लिहायचे नाही, निवडणुकीविषयी लिहायचे आहे.

१९९९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मास्तर निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. एके संध्याकाळी ते आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले आणि चहा येण्यापूर्वीच म्हणाले, "लोकसभेला उभा राहतो आहे."

याला थोडी पूर्वपीठिका आहे. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला पाच अणुस्फोट झाले. त्या दिवशी आमच्या चाळीत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मीही वाटले, खोटे कशाला सांगा. गॅलरीत मास्तर एकटेच असे निघाले, ज्यांनी पेढा हातात घेतला नाही. "मधुमेह आहे का?" असे कुणीतरी विचारले, तर "नाही, हिरोशिमा आहे," म्हणाले. पुढे ६ ऑगस्टला ते आणि त्यांच्यासारखेच चार-पाच निवृत्त लोक नाक्यावर हातात फलक घेऊन तासभर उभे राहिले. कुणी फिरकले नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली. त्यानंतर तर हे फलक घेऊन उभे राहणे म्हणजे शिव्या ओढवून घेणे होते, आणि मास्तरांनी त्या घेतल्या. ज्यांना त्यांनी टेन्स शिकवला ती पोरे त्यांना पाकिस्तानात जायला सांगू लागली. अशा दिवसांत, ज्याचे नाव मला आजही एका दमात सांगता येत नाही अशा एका चिमुकल्या पक्षाच्या वतीने ते उभे राहणार होते.

मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात. मास्तर त्यासाठी आले होते. शिवाय अनामत रक्कम १० हजार रुपये. ती त्यांनी फंडाच्या पैशांतून काढली होती.

"मास्तर, एकषष्ठांश मते पडली नाहीत तर अनामत जप्त होते," मी म्हणालो. बँकेत नोकरी केल्याने दुसऱ्याच्या पैशाची काळजी करण्याची सवय लागते.

"होणारच जप्त. त्यात शंका आहे काय?" मास्तर म्हणाले. "माझे ते बाळाचे पुस्तक तुमच्याकडे आहे ना? त्या डॉक्टरला किती मते पडली होती, ठाऊक आहे?"

डॉक्टर कधी निवडणुकीला उभे होते हेच मला ठाऊक नव्हते. मास्तरांनी त्या संध्याकाळी जे सांगितले आणि पुढे मी जे वाचून ताडून पाहिले, ते असे.

स्पॉक जन्मले १९०३ साली, न्यू हेवन या गावी. वडील रेल्वेचे वकील. सहा भावंडांत हे थोरले. आई कमालीच्या शिस्तीची, कडाक्याच्या थंडीतही मुलांना उघड्या ओसरीत निजवणारी. उंची सहा फूट चार इंच. येल विद्यापीठात होडी वल्हवीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या त्या होडीने सुवर्णपदक मिळवले. पुढे डॉक्टरीच्या परीक्षेत पहिला नंबर. अंगात सदैव वास्कोट घातलेला सूट. एखाद्या चित्रकाराला बंडखोराचे चित्र काढायला सांगितले तर तो या माणसाच्या जवळपासही जाणार नाही.

साठीच्या उंबरठ्यापर्यंत त्यांनी चळवळ केली नाही. त्यांना चळवळीत ओढले ते दुधाने. त्या काळी अमेरिका आणि रशिया उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या करीत. त्यातून स्ट्राँशियम ९० नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य वाऱ्यावर जाऊन गवतावर पडते, गवतातून गाईच्या पोटात जाते आणि दुधात उतरते. शरीराला ते चुन्यासारखेच वाटते, म्हणून लहान मुलांच्या वाढत्या हाडांत आणि दातांत जाऊन बसते. ज्याने उभी हयात आयांना दूध पाजण्याविषयी सांगितले, त्याने यावर गप्प कसे बसावे? अण्वस्त्रांविरुद्ध काम करणाऱ्या एका समितीला डॉक्टर जाऊन मिळाले. १९६२ च्या एप्रिलात न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात झळकली. एक लहान मुलगी, आणि तिच्याकडे चिंतातुर नजरेने पाहणारे डॉक्टर स्पॉक. अमेरिकेतल्या घराघराने ज्याला धीर देताना पाहिले तोच माणूस काळजीत दिसल्यावर घरेही काळजीत पडली. हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार १९६३ साली झाला.

१९६४ साली डॉक्टर लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराला उतरले. अमेरिकेची पोरे आशियातल्या लढाईत धाडणार नाही, अशा अर्थाची भाषणे जॉन्सन करीत होते, आणि डॉक्टरांनी ती खरी मानली. जॉन्सन दणक्यात निवडून आले. त्यांनी डॉक्टरांना आपण होऊन टेलिफोन करून आभार मानले. नवे वर्ष लागून दोन-तीन महिनेही झाले नव्हते तोच उत्तर व्हिएतनामवर बाँबफेक सुरू झाली, आणि १९६५ च्या मार्चात अमेरिकन नौसैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. मते मागताना आपण आयाबायांना खोटा शब्द दिला, हे डॉक्टरांच्या मनाला फार लागले. पुढे त्यांनी जे जे केले त्याचे मूळ मला इथे दिसते.

आता एक हिशेब बोटांवर करून पाहा. पुस्तक निघाले १९४६ साली. त्या वर्षी पाळण्यात असलेली पोरे १९६४ साली अठरा वर्षांची झाली, आणि अठराव्या वर्षी तिकडे सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवावे लागे. म्हणजे व्हिएतनामच्या चिखलात गेली ती नेमकी डॉक्टरांच्या पुस्तकावर वाढलेली पोरे. १ डिसेंबर १९६९ रोजी तर भरतीची सोडतच काढण्यात आली. काचेच्या भांड्यात निळ्या प्लॅस्टिकच्या ३६६ डब्या, प्रत्येक डबीत वर्षातली एक तारीख. जी तारीख आधी निघेल, त्या तारखेला जन्मलेले तरुण आधी भरती. पहिली डबी निघाली १४ सप्टेंबरची. आपल्याकडे वाढदिवसाला मुलाला पाटावर बसवून ओवाळतात. ज्या घरात १४ सप्टेंबरला केक कापला जात असे, त्या घरातल्या आईला त्या रात्री काय वाटले असेल!

डॉक्टरांचे म्हणणे साधे होते. पोरांचा गोवर-खोकला बरा करून, त्यांना सुखासमाधानाने वाढवायचे कसे ते आयांना शिकवायचे, आणि अठरा वर्षांनी ती अशा युद्धात मरायला गेली की बाजूला व्हायचे, ही कसली डॉक्टरी? १९६७ च्या एप्रिलात न्यूयॉर्कमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर ते प्रचंड मिरवणुकीत चालले. किंग अध्यक्षपदाला आणि स्पॉक उपाध्यक्षपदाला, अशी जोडी उभी करण्याची भाषा तेव्हा झाली. पण किंग यांनी नकार दिला. त्या वर्षअखेर लष्करभरतीच्या कचेरीपुढे धरणे धरताना डॉक्टरांना अटक झाली. जानेवारी १९६८ मध्ये त्यांच्यावर आणि आणखी चौघांवर खटला भरला गेला. आरोप होता, तरुणांना भरती टाळायला सांगण्याचा कट. गंमत अशी की हे पाच कटवाले खटल्याआधी एकत्र असे कधी बसलेलेही नव्हते. बॉस्टनच्या कोर्टात न्यायाधीश पंच्याऐंशी वर्षांचे होते. एक जण सुटला. डॉक्टरांसह चौघांना दोन वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टाने १९६९ साली ती रद्द केली.

तोवर डॉक्टर देशभर दोन प्रकारे प्रसिद्ध झाले होते. काहींना ते देवमाणूस वाटत. आणि नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्यासारखे धर्मोपदेशक नि खुद्द उपाध्यक्ष ॲग्न्यू यांच्यासारखे पुढारी म्हणत की सगळ्या बिघाडाचे मूळ हाच माणूस. पोर रडले की पाजा, म्हणाला. म्हणून ती लाडावली आणि मोठेपणी सरकारला 'नाही' म्हणू लागली! आमच्या मातोश्रींना हा युक्तिवाद सांगितला असता तर त्यांनी ॲग्न्यूसाहेबांनाही गुटी उगाळून दिली असती.

१९७१ च्या नोव्हेंबरात निरनिराळ्या राज्यांतल्या लहानसहान गटांनी एकत्र येऊन पीपल्स पार्टी नावाचा पक्ष काढला. अध्यक्षपदासाठी कोणी मोठा उमेदवार मिळेपर्यंत डॉक्टरांनी तात्पुरते नाव द्यावे असे ठरले. आमच्या गिरणगावच्या भाषेत म्हणजे बदली कामगार. मोठे कोणी आले नाही, आणि १९७२ च्या जुलैत बदली कामगारच कायम झाला. जोडीला उपाध्यक्षपदासाठी ज्युलियस हॉबसन. हे वॉशिंग्टनमधले काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणारे खमके गृहस्थ. त्यांना तेव्हा कर्करोग झालेला होता. डॉक्टरांचे वय एकोणसत्तर. परदेशांतले सगळे सैन्य ताबडतोब परत आणा, औषधोपचार फुकट करा, प्रत्येक कुटुंबाला किमान उत्पन्नाची हमी द्या, असा जाहीरनामा होता. गर्भपात आणि समलिंगी संबंध यांना कायद्याची मुभा असावी, ही कलमेही त्यात होती. १९७२ सालच्या गृहस्थांना हे वाचून ठसका लागला असणार. आज त्यातली काही कलमे कुठल्या कुठल्या देशांच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली आहेत.

तिकडे आपल्यासारखी अनामत नसते, पण राज्याराज्यांत सह्या गोळा केल्याशिवाय मतपत्रिकेवर नाव छापत नाहीत. डॉक्टरांचे नाव पन्नासांपैकी दहाच राज्यांत छापले गेले.

या प्रचारातली एक गोष्ट मास्तरांनी मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा ती सांगताना त्यांचा चेहरा विद्यार्थ्यासारखा झाला. न्यू जर्सीत फोर्ट डिक्स म्हणून एक मोठी छावणी आहे. रंगरुटांना तिथे पहिले धडे देत. छावणीतून सार्वजनिक रस्ते जात. बहुतेक फाटकांवर पहारा नसे, आणि दर्शनी फाटकावर पाहुण्यांचे स्वागत असल्याची पाटी होती. ९ सप्टेंबर १९७२ रोजी स्पॉक, हॉबसन आणि दुसऱ्या एका छोट्या पक्षाच्या उमेदवारांनी छावणीच्या सेनापतींना रीतसर पत्र लिहिले, की २३ तारखेला आम्ही येतो, पत्रके वाटतो आणि सैनिकांशी निवडणुकीविषयी बोलतो. सैनिकही मतदारच होते. शिवाय अठराव्या वर्षी मताचा हक्क देणारी दुरुस्ती १९७१ साली झाली होती, म्हणजे युद्धावर जाणाऱ्या पोरांना अध्यक्ष निवडण्याची ही पहिलीच खेप. सेनापतींचे उत्तर आले, येऊ नये. राजकीय सभांना छावणीत परवानगी नाही, रंगरुटांच्या शिक्षणात व्यत्यय येतो.

डॉक्टर कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने नाही म्हटले, वरच्याने हो म्हटले, आणि ४ नोव्हेंबर १९७२ रोजी, मतदानाला तीन दिवस उरले असताना, त्यांची सभा झाली. कुठे? छावणीतल्या मोटारी उभ्या करण्याच्या जागेत! सहा फूट चार इंचांचे म्हातारे डॉक्टर, आणि ज्यांना त्यांच्या पुस्तकाबरहुकूम पाजले-निजवले असेल अशा पिढीतली गणवेशातली पोरे. ती सभा मी पाहिलेली नाही, पण माझ्या मनात ती वारंवार भरते. ज्याच्या सांगण्यावरून आपल्याला रात्री उचलून घेतले गेले तो माणूस समोर उभा राहून, जाऊ नका, म्हणतो आहे, हे त्यांतल्या एकाला तरी उमगले असेल का?

खटला पुढे चालूच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७६ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, तो डॉक्टरांच्या विरुद्ध. छावणीचा अधिकार मोठा ठरला. तिथेही डॉक्टर पडलेच म्हणायचे.

७ नोव्हेंबरला मतदान झाले. निक्सन यांना ४ कोटी ७१ लाख मते पडली, मॅकगव्हर्न यांना २ कोटी ९१ लाख. डॉक्टर स्पॉक यांना ७८,७५९. एकूण मतांत दर हजारी एक! त्यातलीही निम्म्याहून अधिक एकट्या कॅलिफोर्नियातली.

इथे एक प्रश्न येतो आणि तो मी मास्तरांनाही विचारला होता. मॅकगव्हर्न हेही युद्ध थांबवा म्हणत होते. मग त्यांची मते फोडायला डॉक्टर कशाला उभे राहिले? मास्तर म्हणाले की १९६४ साली डॉक्टरांनी मोठ्या पक्षावर विश्वास टाकून हात पोळून घेतला होता. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो हे खरे. पण म्हणून प्रत्येक वेळी ताक सांडून टाकावे असे नाही. अर्थात त्या निवडणुकीत निक्सन १ कोटी ८० लाखांनी पुढे होते. डॉक्टरांची सगळी मते मॅकगव्हर्न यांच्या पारड्यात घातली असती तरी काटा हलला नसता. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला करार झाला आणि अमेरिकन सैन्य परतले, तेही काही ७८,७५९ मतांमुळे नव्हे. व्हिएतनामात अमेरिकेची ५८ हजारांवर माणसे मेली. व्हिएतनामची किती, तो आकडा लाखांत जातो.

डॉक्टरांना मी मखरात बसवू इच्छीत नाही. जगाला मुले उचलून घ्यायला सांगणारा हा बाप स्वतःच्या दोन मुलांशी कोरडा नि करडा वागे, असे त्या मुलांनीच मोठेपणी सांगितले. ज्या पत्नीने, जेनने, ते प्रसिद्ध पुस्तक त्यांच्या तोंडून ऐकत टंकलिखित केले, तिच्याशी जवळजवळ पन्नास वर्षांच्या संसारानंतर १९७६ साली काडीमोड झाला. बायकांच्या चळवळीने त्यांना, मुलांची सगळी जबाबदारी आईच्याच गळ्यात घालता म्हणून, चांगले फैलावर घेतले. यावर मात्र त्यांनी ऐकले, आणि त्याच वर्षीच्या आवृत्तीत मजकूर बदलला. त्या वर्षी ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले, या खेपेस उपाध्यक्षपदासाठी, आणि पुन्हा पडले. ऐंशीच्या पुढेही अण्वस्त्रांविरुद्धच्या निदर्शनांत त्यांना अटक होतच राहिली. १५ मार्च १९९८ रोजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले. पोखरणच्या स्फोटांना तेव्हा दोन महिने अवकाश होता.

मास्तरांनी एवढे सांगितले आणि खिशातून सूचकांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर आठ सह्या होत्या. तळमजल्यावरच्या काकूंची सही पाहून मी चमकलो. त्यांचा मुलगा सैन्यात होता आणि त्या वेळी काश्मीरमध्ये होता. काकूंनी देवनागरीत, एकेक अक्षर सुटे सुटे काढून सही केली होती.

"काकूंना काय सांगितलेत तुम्ही?" मी विचारले.

"काहीच नाही. त्यांनीच वर येऊन विचारले, मास्तर, तुम्ही लढाई नको म्हणता ना, सही कुठे करायची?"

मी म्हणालो, बँकेच्या नियमांत असले काही बसत नाही, आणि माझी बढतीची मुलाखत तोंडावर आहे. नियम खरा होता, मुलाखतही खरी होती. मास्तरांनी कागदाची घडी केली. "बरोबर आहे तुमचे. सहीचे राहू द्या. मत मात्र द्या," एवढेच म्हणून ते उठले. मी अगदी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे काय, ते सांगायला हवे का?"

सप्टेंबरात मतदान झाले. शाळेच्या ज्या वर्गात मास्तरांनी वर्षानुवर्षे शिकवले त्याच वर्गात आमचे केंद्र होते. बोटाला शाई लागली आणि मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. मास्तरांचे नाव यादीत खूप खाली होते. त्या वेळी माझ्या मनात आले, दोन मोठ्या उमेदवारांत चुरस आहे, एका मताने काय काय होते, ते असे वाया का घालवायचे? मत देण्याच्या आड बँकेचा कुठलाच नियम येत नव्हता. तिथे मला कोणी पाहतही नव्हते. माझे मत दुसऱ्या चिन्हाला गेले.

मास्तरांना हजार-बाराशे मते पडली. अनामत जप्त झाली.

निकालानंतरच्या रविवारी मास्तर धोतराचा सोगा सावरीत चाळीचे सगळे मजले फिरले, प्रत्येक दारात हात जोडून आभार मानीत. काकूंचा मुलगा त्याच आठवड्यात रजेवर सुखरूप आला होता, म्हणून त्यांच्याकडचे दोन पेढेही मास्तरांच्या हातात होते. ते त्यांनी खाल्ले. आमच्याकडे आले तेव्हा मी घाईघाईने पुस्तकाचा विषय काढला. इतकी वर्षे परत करायचे राहिले, आता शोधून देतो, वगैरे.

"असू द्या हो, नातवंडांना होईल," मास्तर म्हणाले. मग खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिले. "आपल्या चाळीतून एकवीस मते पडली असावीत, असा माझा हिशेब आहे. तुमची दोन धरून."

सौ.ने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "साखर बरोबर आहे ना, मास्तर?"